ही कोण सटवाई? रीलमधल्या मेडुसा, द्रौपदी आणि बाकीच्या जणी

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी भाचीने मोबाइल आईच्या नाकापुढे धरला. पडद्यावर एका बाईचं तोंड, केसांच्या जागी वळवळणारे साप. "आजी, हे मी इथे गोंदवून घेणार आहे," मनगटाच्या वर बोट टेकवत ती म्हणाली. फर्ग्युसन रस्त्याच्या एका गल्लीतल्या टॅटूवाल्याशी तिचं बोलणंही झालं होतं. आईने चष्मा कपाळावर सारला, फोटो जवळ घेऊन नीट पाहिला आणि विचारलं, "ही कोण सटवाई?"

भाची फुरंगटून बसली. पण आईचा प्रश्न वाटतो तेवढा टाकाऊ नव्हता. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर द्रौपदीच्या एका रीलवरून दोन काकांची जुंपली होती. एक म्हणत होते खरं महाभारत असं नाही, दुसरे म्हणत होते असंच आहे. भांडण भोंडल्याच्या खिरापतीपर्यंत येऊन पोचलं. नवरात्र आलं की दुर्गा, वटपौर्णिमा आली की सावित्री, एखादी भयानक बातमी आली की काली आणि द्रौपदी. मोबाइलवर पुराणातल्या बायकांचा नुसता राबता असतो, आणि प्रत्येक वेळी त्या काहीतरी वेगळंच बोलत असतात. हे नक्की काय चाललंय, ते इथे जरा उलगडून पाहू.

आधी मेडुसा

मेडुसा ग्रीक पुराणकथांमधली. तिच्या नजरेला नजर भिडली की माणसाचा दगड होतो. पर्सियस नावाचा वीर तिच्याकडे थेट न बघता ढालीतल्या प्रतिबिंबात बघून तिचं डोकं उडवतो. शाळकरी गोष्ट एवढीच.

पण गोष्टीच्या आत अजून एक गोष्ट आहे. हेसिअड हा ग्रीक कवी इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारासचा. त्याच्याकडे मेडुसा गॉर्गन नावाच्या राक्षसी बहिणींपैकीच एक, जन्मजात त्याच कुळातली. सातशे वर्षांनी रोमन कवी ओव्हिड तीच गोष्ट सांगायला बसतो आणि म्हणतो, ती मुळात देखणी होती, केस तर बघत राहावेत असे. समुद्रदेवाने तिच्यावर देवीच्या मंदिरात बलात्कार केला, आणि देवीने शिक्षा कुणाला दिली? तिलाच. केसांचे साप झाले ते तेव्हा.

लैंगिक अत्याचारातून बाहेर आलेल्या कितीतरी बाया आज मेडुसा गोंदवून घेतात त्या ओव्हिडच्या गोष्टीवरून. म्हणजे ही 'आधुनिक' मेडुसा दोन हजार वर्षांची आहे. नवीन आहे तो तिचा प्रवास. लुचानो गार्बाती या शिल्पकाराने २००८ साली उलटी मूर्ती केली: मेडुसा उभी, हातात तलवार आणि पर्सियसचं डोकं. दहा वर्षांनी, मी-टू चळवळीच्या दिवसांत, त्या मूर्तीचा फोटो इंटरनेटवर वणव्यासारखा पसरला, आणि २०२० मध्ये ती मूर्ती न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयाच्या समोरच्या बागेत काही महिने उभी राहिली. आधी फोटो फिरला, मग मूर्ती चौकात आली. पूर्वी हे उलट व्हायचं.

जाता जाता एक. ग्रीक लोक मेडुसाचं तोंड ढालींवर, इमारतींवर लावायचे, वाईट नजर लागू नये म्हणून. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं, त्यातलाच प्रकार. हे सांगितल्यावर आईचा टॅटूला असलेला विरोध किंचित सैल पडला.

आपल्या शिव्यांमध्ये राहणाऱ्या देवी

आता आईच्या सटवाईकडे वळू. सटवी म्हणजे षष्ठी. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री ती येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवीचा लेख कुणाला टळत नाही. इतकी मोठी अधिकारी बाई! आणि आपण 'सटवी' कधी म्हणतो? भांडणात.

हा एकच शब्द नाही. तुळजापूरला जिच्यासमोर लोटांगण घालतो तिचंच नाव "आली बघा भवानी" असं दातओठ खात घेतो. यक्षिणीची जखीण झाली. रामायणातली ताटका मराठीत त्राटिका झाली आणि तोंडाळ बायकोचं टोपणनाव होऊन बसली. इतकी, की शेक्सपिअरच्या कर्कशा नायिकेचं नाटक मराठीत आणताना वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी त्याला तेच नाव दिलं.

सांगायचं हे, की पुराणातल्या बायकांचे अर्थ बदलायला आपल्याला इंटरनेट लागलेलं नाही. बोलता बोलता पिढ्यान्‌पिढ्या आपण ते करतच आलोय, फक्त बहुतेकदा एकाच दिशेने: ताकदवान बाईचं नाव घ्यायचं आणि त्याची शिवी करायची. आजच्या रील, मीम, टॅटू उलट्या दिशेने निघाले आहेत. शिवी उचलायची आणि मिरवायची. 'हो, आहे मी त्राटिका' असं छापलेला टी-शर्ट मी लक्ष्मी रोडच्या गर्दीत पाहिला आहे. घालणारी साधारण साठीची होती.

'खरी' गोष्ट कोणती, हे पुण्यात कुणी शोधलं का?

शोधलं, आणि त्यात सत्तेचाळीस वर्षं गेली.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय ते घरातल्या उदाहरणाने सांगते. पणजीची पुरणपोळीची कृती दहा नातींनी आपापल्या वहीत उतरवून घेतली. कुणी जायफळ घातलं, कुणी वेलदोडा, कुणाच्या वहीवर तूप सांडून दोन ओळी गेल्या. पणजी तर आता नाही. मग सगळ्या वह्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, सगळ्यांत समान काय ते वर घ्यायचं, आणि एखाद्याच वहीत आहे ते खाली टिपेत, त्या वहीच्या नावासकट. वह्यांमधल्या या फरकांना म्हणतात पाठभेद. संस्थेने अशा १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग केला. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंत. १९२५ पासून वि. स. सुखटणकर या कामाचे प्रमुख संपादक होते. काम पुरं झालं १९६६ साली, सुखटणकर जाऊन तेव्हा वीसहून अधिक वर्षं झाली होती.

त्या छापील खंडांत द्रौपदी कशी दिसते? सोसायटीतल्या दोन्ही काकांची पंचाईत होईल अशी.

"आंधळ्याचा मुलगा आंधळाच" हे तिच्या तोंडचं गाजलेलं वाक्य तिथल्या मुख्य पाठात नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, जुळे भाऊ. पुढे बापापाशी गाऱ्हाणं सांगताना दुर्योधन द्रौपदीचंही नाव घेतो, एवढंच. ते वाक्य आपल्या कानात बसलं ते मुख्यतः दूरदर्शनच्या मालिकेमुळे. स्वयंवरात कर्णाला "सूतपुत्राला वरणार नाही" म्हणून झिडकारणंही काही हस्तलिखितांतच सापडतं, म्हणून तेही टिपेत गेलं. वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावासुद्धा सभापर्वाच्या मुख्य पाठात नाही. वस्त्र ओढलं जातं, आतून दुसरं निघतं. कोण पुरवतंय ते सांगितलेलं नाही. आता 'कृष्ण आलाच नाही' म्हणणारे काका टाळी वाजवायला हात उचलतील, तर थांबा: त्याच आवृत्तीत, उद्योगपर्वात, खुद्द कृष्ण म्हणतो की मी दूर असताना तिने 'गोविंदा' म्हणून हाक मारली, ते ऋण माझ्या मनातून जात नाही.

म्हणजे 'खरं महाभारत' हातात घेऊन समोरच्याला गप्प करायला निघालात तर ते तुम्हालाही गप्प करतं.

तिचा प्रश्न: हुशारी की चूक?

सगळ्या रीलमध्ये सापडणारी, आणि चिकित्सक आवृत्तीतही ठाम उभी असलेली एक गोष्ट मात्र आहे: द्रौपदीचा प्रश्न. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? आधी स्वतःलाच हरला असेल तर दास झालेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क कुठला? आजच्या रीलमध्ये हा प्रश्न ढोलाच्या ठेक्यावर येतो, कॅमेरा डोळ्यांवर, केस मोकळे. भर सभेत कायद्याचा मुद्दा काढणारी पहिली बाई, असं खाली लिहिलेलं असतं.

आता पुण्यातलीच एक बाई याबद्दल काय म्हणाली ते ऐका. इरावती कर्वे, डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवायच्या. 'युगान्त' या त्यांच्या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या मते तो प्रश्न ही द्रौपदीची घोडचूक होती. एवढा भयंकर प्रसंग ओढवलेला असताना पंडितासारखा कायद्याचा कीस काढण्यापेक्षा तिने क्षत्रियांच्या धर्माला, माणुसकीला हाक द्यायला हवी होती.

मला स्वतःला बाईंचं हे म्हणणं पटत नाही. दाद मागून माणुसकी मिळणार असती तर तोवर मिळाली नसती का? पण पटत नाही म्हणून ते मौल्यवान आहे. घराबाहेर पडलेली, शिकलेली, स्कूटर चालवणारी बाई, आणि ती द्रौपदीला 'एम्पॉवर्ड' म्हणून डोक्यावर घेत नाही, तिच्याशी वाद घालते. जिच्याशी वाद घालावासा वाटतो ती व्यक्ती जिवंत असते. रीलमधल्या द्रौपदीशी वाद घालायला जागाच ठेवलेली नसते. तिची एकतर पूजा करायची, नाहीतर तिला ट्रोल करायचं.

मग मोबाइलने नवीन काय केलं?

दोन गोष्टी केल्या.

पहिली अल्गोरिदमची. अल्गोरिदम म्हणजे कुठलं रील कुणापुढे टाकायचं हे ठरवणारा हिशेब. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात कीर्तनाला बसला असाल तर हे लगेच कळेल. मुरलेले बुवा आख्यान सांगताना समोरच्यांच्या तोंडाकडे बघत असतात. जांभया दिसल्या की एक चुटका, डोळे पाणावलेले दिसले की तोच प्रसंग थोडा लांबवायचा. अल्गोरिदम हेच करतो. त्याला तोंडं दिसत नाहीत, अंगठा कुठे थबकला ते दिसतं. फरक असा, की बुवांना शेवटी सुरुवातीच्या, म्हणजे पूर्वरंगातल्या अभंगाशी जुळवून घेऊन हार घालून घरी जायचं असतं. अल्गोरिदमला घर नाही. अंगठा रागावर थबकला तर तो आणखी राग आणतो.

म्हणून पुराणातल्या बायका मोबाइलवर दोनच साच्यांत शिल्लक राहतात: बिचारी किंवा रणचंडी. अहल्येचं काय झालं बघा. रीलमधली अहल्या पूर्ण फसवली गेलेली असते आणि तिचा दगड होतो. वाल्मीकींच्या बालकांडात ती गौतमाच्या वेशातल्या इंद्राला ओळखते, आणि देवांच्या राजाबद्दलच्या कुतूहलाने होकार देते. दगडही होत नाही. राखेत पडून, वारा खाऊन, कुणाला न दिसता राहण्याचा शाप आहे तो. उत्तरकांडात पुन्हा हीच गोष्ट येते, तिथे मात्र तिच्यावर बळजबरी झालेली आहे. एकाच ग्रंथात दोन अहल्या! ओळखून होकार दिलेली बाई, आणि तरीही शिक्षा अन्यायाची वाटते अशी गोष्ट तीस सेकंदांत सांगणं कठीण. म्हणून ती कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. जुन्या पोथीच्या शेवटी नकलकार बहुधा आपलं नाव, गाव, शक लिहायचा. वर एक श्लोक टाकून हात झटकायचा: 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया'. जशी पोथी पाहिली तशी उतरवली, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नाही. व्हॉट्सॲपवरच्या 'फॉरवर्डेड ॲज रिसिव्ह्ड'चा हा आजोबा. पण आजोबांनी निदान नाव-गाव लिहिलं होतं. नातवाने तेवढंच गाळलं. आज पाठभेद पूर्वीपेक्षा कितीतरी पट आहेत, आणि कुठला पाठ कुणाच्या वहीतून आला ते विचारायची सोय नाही.

लक्ष्मणरेषा घ्या. 'रेषा ओलांडली म्हणून भोगावं लागलं' असं एक रील, 'रेषा आखणारे तुम्ही कोण' असं दुसरं. दोघांना लाखो टाळ्या. वाल्मीकींच्या रामायणात ती रेषाच नाही.

आणि नवरात्राचे नऊ रंग! कचेऱ्या, बँका, शाळा, लोकल, सगळ्या बायका एका दिवशी एका रंगात. रंग वारांवर ठरतात, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल. दोन-अडीच दशकांपूर्वी एका मराठी दैनिकाने हे सुरू केलं, फोटो छापले, मग मोबाइलने ते देशभर नेलं. आता त्याला 'प्राचीन परंपरा' म्हणणारे संदेश येतात, कुठल्या रंगाने कुठली देवी प्रसन्न होते याच्या तक्त्यासह. मला ते रंग आवडतात, मीही नेसते. पण पणजीला विचाराल तर तिला नेसायला मुळात साड्याच दोन होत्या.

"हे सगळं आजकालच्या पोरींचं खूळ"

असं म्हणणाऱ्यांसाठी १८८२ साल. पुण्यात छापलेलं 'स्त्रीपुरुषतुलना'. लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यात त्या पुरुषांना विचारतात, नवऱ्याचे प्राण परत आणायला सावित्री यमाच्या मागे गेली. बायकोसाठी यमाच्या वाटेवर थोडं तरी चालून गेलेला एखादा नवरा कुणी ऐकलाय का? दर ज्येष्ठात वडाभोवती फिरणारे जे मीम येतात, त्यांतले निम्मे हाच प्रश्न विचारत असतात. फक्त ताराबाईंचा घाव जास्त वर्मी आहे, आणि त्या काळी हसणाऱ्या चेहऱ्याची खूण टाकून तो सौम्य करायची सोय नव्हती.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका तर याच्याही आधीपासून जात्यावर हे करत होत्या. 'राम म्हनू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा, हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा.' ही ओवी कुठल्या विद्यापीठाच्या परिसंवादात जन्मली नाही. पहाटे चारला, दळण संपायच्या आत, सासू उठायच्या आधी म्हटलेली ती तक्रार आहे. त्या सीतेला सासुरवास होतो, तिचं बाळंतपण रानात होतं, तिला माहेर नाही. म्हणणारीने आपलं सगळं तिच्यावर घातलं आणि थोडं हलकं झाली.

या ओव्या जपण्याचं काम पुण्यातूनच झालं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मुळशी-मावळच्या वाड्यावस्त्यांपासून सुरुवात करून हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहावर त्यांतल्या कितीतरी ऐकायला मिळतात. तिथे गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, फोटो असतो. म्हणजे पत्ता शाबूत ठेवूनही पुराणकथा इंटरनेटवर येऊ शकते. फक्त ते काम हळू होतं, आणि अंगठ्याला हळू चालत नाही.

"आणि भावना दुखावल्या तर?"

दुखावतात, खोटं कशाला बोला. देवघरातल्या देवीचा कुणी फालतू विनोद केला तर माझ्या आईलाही लागतं. शिवाय मुद्दाम आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रील करणाऱ्यांनी हे माहीत असू द्यावं. पण गोष्ट नव्याने सांगणं हाच अपमान मानला तर मोरोपंतांना कुठे ठेवायचं? या गृहस्थांनी एकशेआठ रामायणं रचली. त्यांतलं एक तर प, फ, ब, भ, म न वापरता, ओठाला ओठ न लावता म्हणायचं. आज कुणी असं केलं असतं तर त्याला 'चॅलेंज' म्हटलं असतं.

मला खटकतं ते वेगळंच. 'तुमच्यातली देवी जागवा' म्हणत हजारो रुपयांच्या कार्यशाळा विकणाऱ्या लोकांवर कुणी चिडत नाही.

सगळ्यांचा चेहरा एकच

एआयने काढलेल्या देवी बघितल्यात? दुर्गा, द्रौपदी, अहल्या, सगळ्या एका साच्यातल्या: टोकदार हनुवटी, गोरा रंग, मागून सोनेरी उजेड. द्रौपदीचं एक नाव कृष्णा आहे, ते तिच्या सावळ्या रंगावरून. यंत्राला शिकवलेल्या चित्रांत जे जास्त, तेच ते पुढे वाढतं. सावळी राजकन्या त्याच्या हिशेबात बसत नाही.

यावर उतारा म्हणून पुण्यातलंच एक काम सांगते. नॉडिंग हेड्स या इथल्या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' नावाचा व्हिडिओ गेम काढला. राजी ही कसरती करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला असुर पळवतात, दुर्गा तिला निवडते आणि ती त्याला सोडवायला निघते. रामायणाचा सांगाडा उलटा झाला: पळवला गेला तो मुलगा, शोधायला गेली ती मुलगी. कुठेही भाषण नाही. ती खांबावर चढते, उडी मारते, पडते, पुन्हा चढते. भाचीने हा गेम दोन वेळा संपवलाय आणि तिला हे उलटं-सुलटं काही जाणवलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

अष्टमीच्या दिवशी भाची पुन्हा आली, टॅटूविना. आईच्या शेजारी बसून तिने मोबाइल चालू केला आणि म्हणाली, "आजी, ती सटवाई सांग ना नीट." आईने सांगितली. कोरा कागद, बोरू, कुंकू, आणि रात्री कुणी जागं राहायचं नाही, नाहीतर ती लिहिता लिहिता दचकते. हे दचकण्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आत्याबाईंनी. सासवडला. तुझ्या दादाच्या वेळी."

भाचीने व्हिडिओच्या खाली तसंच लिहिलं: सांगणारी आजी, तिला सांगणारी तिची आत्या, सासवड. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, सटवाई दिसते कशी गं? टॅटूवाल्याला दाखवायला फोटो लागेल."

आई म्हणाली, "कागद कोरा ठेवतात, तिचा फोटो कुठला?"